बाकावरची टोपी

आखाडा बाळापूरला मोटार थांबायची ती ड्रायव्हरच्या पोटासाठी. कारण मात्र एंजिनाचं सांगितलं जाई. एंजिन एका बादलीत गार होत असे. ड्रायव्हरला दोन भाकरी, झुणका आणि वर चहा लागे. तेवढ्या वेळात उतारू समोरच्या हॉटेलात शिरत. हॉटेल म्हणजे पत्र्याखाली चूल, चार लांब बाक, त्यांच्यामध्ये फळ्या ठोकून केलेली दोन मेजं आणि मागच्या अंगणात हात धुवायला पाण्याचा रांजण. मी तिथल्या सरकारी शाळेत मास्तर होतो. माझं लग्न लांबत चाललं होतं आणि स्वतःच्या हातचं खाण्याइतका मी धीट नव्हतो. म्हणून महायुद्ध सुरू झालं त्या सुमारापासून ते अठ्ठेचाळीस सालापर्यंत मी दोन्ही वेळा त्या बाकावर जेवलो. पुढे मोठ्या शहरांतल्या बऱ्याच हॉटेलांत बसलो. तिथे दार उघडणाऱ्या माणसाचे कपडे आपल्यापेक्षा चांगले असतात. पण अमुक ठिकाणी मी जेवत होतो असं मान वर करून सांगावं अशी जागा माझ्या आयुष्यात ही एकच.

बाजाराच्या दिवशी तिथे बसायला मिळणं कठीण होतं. त्यामुळे एक रीत पडली होती. आल्याबरोबर डोक्यावरचं काढायचं, बाकावर ठेवायचं आणि मग मागे हात धुवायला जायचं. पागोटं असो, पटका असो, टोपी असो. ती ठेवली की जागा धरली गेली. परत येईपर्यंत तिथे कुणी बसायचं नाही. ही रीत बऱ्याच ठिकाणी होती आणि बऱ्याच ठिकाणी ती मोडलीही जायची, कारण कुणाची टोपी हलवायची आणि कुणाची नाही हे टोपीच्या किमतीवरून ठरायचं. आमच्याकडे तसं नव्हतं.

याचं श्रेय हॉटेलवाल्याला. त्यांना सगळे मामा म्हणत, अगदी त्यांच्याहून थोर माणसंसुद्धा. मेंढ्या राखणाऱ्या घरातले. सगळा कळप विकून त्यांनी हे हॉटेल काढलं होतं. लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्याची खंत असल्याचंही कधी दिसलं नाही. हॉटेल नवं असताना एका बाजारी जवळच्या गावचे एक देशमुख आले. बाकावर कुणा गाडीवानाचा मळका पटका होता. देशमुखांनी तो दोन बोटांनी उचलून खाली ठेवला आणि ते बसले. मामा चुलीपाशी होते. ते आले, पटका उचलून झटकला आणि म्हणाले, “देशमुख, हितं माणूस बसलंय. उठा.”

देशमुखांनी इकडे तिकडे पाहिलं. माणूस मागे रांजणापाशी चूळ भरत होता. पण मामांचा हात पटक्यासह पुढे तसाच राहिला आणि शेवटी देशमुख उठले. पुढे वर्षभर ते फिरकले नाहीत. मग आले, कारण मामींच्या हातच्या वांग्याच्या भाजीला त्या रस्त्यावर जोड नव्हती, आणि अपमान फार दिवस भुकेपुढे टिकत नाही. आले ते गुपचूप पागोटं ठेवून हात धुवायला गेले.

अभिमानाने लिहायला बसलो आहे म्हणून एक गोष्ट आधी नोंदवून ठेवतो. त्या बाकावर सगळेच बसत नव्हते. गावकुसाबाहेरच्या माणसांना चहा बाहेर, वेगळ्या कपात मिळायचा आणि ते तो उकिडवं बसून प्यायचे. त्यांच्या पटक्यांना जागा धरण्याचा प्रसंग कधी आला नाही. मामांच्या नियमात हे भलं मोठं भोक होतं आणि ते आम्हा शिकलेल्यांच्याही ध्यानात उशिराच आलं. तेवढं सोडून, पंगतीत जे कधी चाललं नसतं ते त्या बाकावर चालत होतं. मारवाडी, कोमटी, मराठा, मुसलमान, हटकर मांडीला मांडी लावून बसत, आणि घरी गेल्यावर कुणी त्याची वाच्यता करत नसे.

त्या काळी डोक्यावर काय आहे ते पाहिलं की माणसाची बाकी चौकशी करायची गरज उरत नसे. रुमी टोपी म्हणजे लाल, उंच, वर काळा गोंडा. ती मुसलमान सभ्य गृहस्थाची आणि तसं दिसू इच्छिणाऱ्या कुठल्याही सरकारी नोकराची. मीही तपासनीस येणार असले की ती घालत असे. गोंडा डोळ्यावर येऊ न देता फळ्यावर लिहिणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. काळी टोपी वकिलाची किंवा वकील होता होता राहिलेल्याची. आणि खादीची पांढरी टोपी घातली की माणूस बोलण्याआधीच बोलून मोकळा झालेला असे. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, ती घालणं गुन्हा होता की नाही हे नक्की कुणालाच माहीत नव्हतं. ते अमीनसाहेबांच्या, म्हणजे पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याच्या, त्या दिवशीच्या मनःस्थितीवर असे.

जेवताना डोकं झाकलेलं असावं की उघडं, यावर बाकावर एकमत कधीच झालं नाही. शेतकरी पटका काढून मोकळ्या डोक्याने जेवत; घाम वाळतो म्हणत. मुसलमान गिऱ्हाईक डोकं झाकल्याशिवाय घास घेत नसे. त्यांच्यातले मिरचीचे एक व्यापारी होते, गावात पिढ्यान् पिढ्यांचं घर, सगळे त्यांना चाचा म्हणत. ते जागा धरायला खांद्यावरचा रुमाल ठेवायचे, कारण रुमी टोपी त्यांच्या डोक्यावरून हॉटेलात कधीच उतरायची नाही. उघड्या डोक्याने खाल्लेलं अन्न सैतानाच्या पोटात जातं, असं ते समोरच्या बोडक्या डोक्यांकडे पाहून सांगायचे. एकाने विचारलं की मग आमचं पोट का भरतं? चाचा म्हणाले, “भरतं कुठं? म्हणून तर चार भाकरी खाता.”

चाचांच्या समोरच्या बाकावर आठवड्यातून दोनदा तरी एक पांढरी टोपी येऊन पडायची. टोपीवाला डोंगरकड्याचा एक पोरगेला तरुण होता. नांदेडला थोडं शिकलेला, शिक्षण सोडून चळवळीत पडलेला. सायकलवर यायचा, पत्रकं वाटायचा, जेवायचा आणि चाचांशी भांडायचा. चाचा त्याला लीडरसाब म्हणत. तो जबाबदार राज्यपद्धतीवर बोलू लागला की चाचा विचारत, तुझ्या बापाच्या तुरीला राखण कोण करतं? आधी ती जबाबदारी घे, मग राज्याची घे. चाचांना सरकारचा अभिमान होता. आगगाडी आणली, दवाखाने बांधले, तुमच्या देवळांना जमिनी दिल्या, आणखी काय पाहिजे? तरुण म्हणे, विचारायचा हक्क पाहिजे. चाचा म्हणत, विचारूनच तर राहिला, कुणी तोंड धरलंय?

दोघांचा आवाज चढला की मामा भाकरी थापता थापता म्हणायचे, “काहून भांडता? गार होऊन राहिली ना भाकर.” याहून मोठं राजकीय मत त्यांनी कधी मांडलं नाही. काही हॉटेलांत त्या दिवसांत पाट्या लागल्या होत्या, राजकारणावर बोलू नये म्हणून. मामांना पाटी लिहिता आली असती तरी त्यांनी ती लावली नसती. भांडणारं गिऱ्हाईक दोन कप चहा जास्त पितं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याकडे हैदराबादचं उर्दू वर्तमानपत्र यायचं आणि इंग्रजी मुलखातून चोरून आलेलं मराठी साप्ताहिकही. दोन्ही मीच वाचून दाखवायचो. दोन्हींत एकाच दिवशीच्या एकाच सभेचं वर्णन असायचं आणि दोन्ही वाचल्यावर ती सभा झाली होती की नाही याचीच शंका यायची.

अमीनसाहेबांना हे हॉटेल आवडत नसे. त्यांच्या नावडीचं मूळ राजकारणात नव्हतं. ते आत आले की बाजारातला माणूस उठून, टोपी नीट करून सलाम करायचा. पण जेवणाऱ्याने उठायचं नाही आणि सलामही करायचा नाही, ही चाल हिंदूंत होती आणि मुसलमानांतही होती. त्यामुळे सगळ्या गावात हीच एक जागा अशी होती, जिथे अमीनसाहेब शिरले तरी काहीच घडत नसे. पन्नास माणसं खाली मान घालून चावत राहायची.

सत्तेचाळीसच्या दिवाळीच्या आगेमागे एका बाजारी तो तरुण आला. तेव्हा हवा बिघडली होती. पलीकडे स्वराज्य आलं होतं, इकडे नव्हतं. खाकी कपड्यांतले निजामाच्या बाजूचे स्वयंसेवक रस्त्याने कवायत करत जायचे आणि पांढरी टोपी घालणारे बहुतेक जण ती खिशात घालून फिरायचे. हा डोक्यावर घालून आला, बाकावर ठेवली आणि मागे रांजणाकडे गेला. मामांनी त्याचं ताट वाढलं. तो आला नाही. मागच्या अंगणाचं दार गल्लीत उघडत होतं आणि गल्लीत अमीनसाहेबांचे दोन जवान उभे होते. त्यांनी त्याला ओल्या हातांनीच नेलं. आम्हाला कळेपर्यंत त्याला घेऊन मोटार सुटली होती.

त्याचा बाप ठाण्यावर गेला. पोरगं कुठे आहे ते कुणी सांगेना. अमीनसाहेब एवढंच म्हणाले, वरून हुकूम आहे. वरून म्हणजे कुठून, हे विचारायची सोय नव्हती.

टोपी बाकावर तशीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी बाक पुसला, टोपी उचलून झटकली आणि परत तिथेच ठेवली. तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं, बापाकडे पाठवतील. बाप आला तेव्हा त्यांनी त्याला जेवू घातलं, पण टोपी दिली नाही. म्हणाले, त्याची तो नेईल. पुढच्या बाजारी बाक खच्चून भरला. उभी राहिलेली माणसं त्या एका माणसाच्या मोकळ्या जागेकडे बघत होती. परगावच्या एकाने विचारलंच, ही जागा कुणाची?

“गिऱ्हाईक हात धुवायला गेलंय,” मामा म्हणाले.

पहिल्यांदा हसू आलं. मग कुणीच हसेना. पुढे तेच उत्तर झालं. बाजार आला, बाक भरला, विचारणारा विचारायचा आणि मामा तेच सांगायचे, त्याच आवाजात, जणू माणूस आत्ता उठून गेला आहे. काही दिवसांनी मामांनी सांगायचीही गरज राहिली नाही. शेजारी बसलेला कुणीही सांगू लागला. चाचा तर टोपीकडे पाहून बोलत. सरकारच्या कौतुकाची बातमी उर्दू पत्रात आली की मला परत वाचायला लावत आणि समोरच्या मोकळ्या बाकाला म्हणत, “ऐकलं का, लीडरसाब?” उत्तर येत नाही याचा त्यांना फार त्रास होत होता. भांडायला माणूस नसला की त्यांचं जेवण अर्धं राहायचं.

अमीनसाहेबांनी हे ऐकलं आणि एका दुपारी ते आले. टोपीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? मामांनी तेच उत्तर दिलं. हात धुवायला गेलेल्या माणसाला कुणी नेलं हे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांनाही माहीत आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अमीनसाहेब म्हणाले, येत्या बाजाराला ही टोपी इथे दिसली तर परवाना गेला म्हणून समजा. टोपी त्यांनी स्वतः उचलली नाही. आजही मला याचं नवल वाटतं. बाकावरून टोपी उचलायला बंदूक असलेल्या माणसालाही अवघड जावं, एवढी ती रीत मुरली होती.

ते गेल्यावर मामी चुलीपुढून उठून आल्या. त्या गिऱ्हाइकांसमोर कधी बोलत नसत.

“मेंढरं इकली,” त्या म्हणाल्या. “आता हे बी गेलं तं खायाचं काय? टोपीच हाय, उचला.”

मामांनी टोपीभोवतीचा बाक पुसला. मग म्हणाले, “एकाची उचलली तं उद्या कुणी हात धुवायला उठंल का?”

मी त्या काळात पुष्कळ वाचत होतो. नागरिकांच्या हक्कांवर जाडजूड पुस्तकं वाचली होती, आणि त्यांतला मुद्दा एवढ्या थोडक्यात कुणी मांडलेला मला आठवत नव्हता. अर्थात पुस्तकं लिहिणाऱ्यांचं हॉटेल जाणार नव्हतं.

मामींनी वाद घातला नाही. पण त्या आठवड्यात त्यांनी पितळेची भांडी माहेरी पाठवली.

त्या बाजारी कळमनुरीला तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे मोठे साहेब, येणार होते. कळमनुरीला कमान उभारली होती, आंब्याचे टहाळे, पताका, शाळेतली पोरं दोन रांगांत, आणि पुलाव शिजत होता. आमच्या गावातून साहेबांची गाडी फक्त जाणार होती, म्हणून अमीनसाहेब रस्त्याच्या कडेला कडक इस्त्रीत उभे होते. सलाम करायला आणि साहेब गेले की परवान्याचा निकाल लावायला. साहेबांची गाडी बरोबर हॉटेलसमोर आली आणि तोंडातून वाफ सोडून बंद पडली. तिचं एंजिन मात्र खरोखर तापलं होतं.

तालुकदारसाहेब उतरले. म्हातारे, बारीक, शेरवानी धुळीने माखलेली, डोक्यावर रुमी टोपी. जुन्या हैदराबादी घराण्यातले असावेत. अशी माणसं शिव्यासुद्धा आदरार्थी बहुवचनात देतात. त्यांना भूक लागली होती आणि समोर वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. अमीनसाहेब पुढे धावले, इथे नको, कळमनुरीला सगळी तयारी आहे, वगैरे. साहेब आत आले. कुणी उठलं नाही, कारण सगळे जेवत होते. साहेबांना त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांनी मागे जाऊन हात धुतले आणि बाकावर जिथे थोडी जागा झाली तिथे बसले. नेमके पांढऱ्या टोपीच्या शेजारी. समोर चाचा, आणि चाचांच्या बाजूला मी.

मामांनी ताट ठेवलं. गरम भाकरी, भाजी, ठेचा, कांदा. साहेबांनी ताटाकडे पाहिलं, शेजारच्या टोपीकडे पाहिलं आणि विचारलं, हे साहेब कुठे गेलेत?

मामांनी कधी नव्हे तो क्षणभर विचार केला. मग म्हणाले, “हात धुवायला गेलेत, हुजूर.”

साहेबांनी मान हलवली आणि हात मांडीवर ठेवले. शेजारी बसलेला माणूस हात धुवायला गेला असताना आपण घास उचलायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत होती. “तो हम इंतजार करेंगे,” ते म्हणाले.

आणि ते खरंच थांबले.

आमच्यापैकी कुणाला हे सुचलं नव्हतं. टोपीबद्दल विचारणारे आजवर पुष्कळ येऊन गेले होते. उत्तर खरं मानणारा हा पहिलाच. भाकरीची वाफ कमी झाली. बाकावरची माणसं चावायची थांबली, कारण मोठा साहेब जेवत नाही आणि आपण जेवतो हे बरं दिसेना. चुलीवरच्या भाकरीचा आवाज ऐकू येत होता. अमीनसाहेब दारात उभे होते आणि त्यांच्या गळ्यापासून घाम खाली उतरत होता. साहेबांनी एकदा मागच्या दाराकडे पाहिलं. म्हणाले, फार वेळ लागला, तब्येत तर ठीक आहे ना? कुणीतरी जाऊन पाहावं.

कुणी हललं नाही. मामा परात हातात घेऊन उभे होते. ते बोलले असते तर हॉटेल तिथेच संपलं असतं. मी सरकारी नोकर होतो. बाकीचे शेतकरी, त्यांना उर्दूत मोठ्या साहेबाशी बोलायची सवय नव्हती. तेव्हा चाचा बोलले. ज्यांना सरकारचा अभिमान होता ते. टोपी नीट केली आणि शांतपणे उर्दूत सांगितलं की हुजूर, या मुलाशी माझं नेहमी भांडण व्हायचं आणि त्याचं एकही म्हणणं मला पटत नाही. दिवाळीत तो हात धुवायला गेला तेव्हा अमीनसाहेबांनी त्याला नेलं. कुठे नेलं ते त्याच्या बापालाही माहीत नाही. वरून हुकूम आहे असं कळतं.

साहेबांनी अमीनसाहेबांकडे पाहिलं. वर म्हणजे तालुकदारसाहेब स्वतःच होते.

“कोणाचा हुकूम?” त्यांनी विचारलं. आवाज वाढवला नाही. अमीनसाहेबांनी काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि ते वाक्य शेवटपर्यंत गेलं नाही. साहेब उठले. जेवले नाहीत. उभ्याने चहा घेतला, मामांची माफी मागितली की तुमचं अन्न वाया गेलं, आणि निघताना मोकळ्या जागेकडे हात करून म्हणाले, “जगह उनकी है.” अमीनसाहेबांना त्यांनी आपल्या गाडीत बसवून नेलं. ते काय बोलले ते आम्हाला कळलं नाही. कळमनुरीची कमान साहेबांना दिसली की नाही तेही माहीत नाही.

यापुढची गोष्ट मी सजवून सांगणार नाही. तरुण सुटला नाही. एवढंच झालं की तो परभणीच्या तुरुंगात आहे हे बापाला कळवण्यात आलं, त्याच्यावर रीतसर खटला भरला गेला आणि त्याला रीतसर शिक्षा झाली. सभ्य माणूस वाईट यंत्रात बसला की फार तर ते यंत्र नीट चालवतो. पण बाप महिन्यातून एकदा पोराला भेटून येऊ लागला, मामांचा परवाना राहिला आणि अमीनसाहेबांनी त्या बाकाकडे पुन्हा पाहिलं नाही. मामींनी पितळेची भांडी परत आणवली.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदुस्थानच्या फौजा आल्या आणि चार-पाच दिवसांत राज्य संपलं. एका आठवड्यात गावात एवढ्या पांढऱ्या टोप्या झाल्या की शिंप्याला पांढरं कापड पुरेना. काल ज्यांनी खाकीवाल्यांना पानसुपारी दिली होती त्यांनीही शिवून घेतल्या. देशमुखांची टोपी तर इतरांपेक्षा दोन बोटं उंच होती. रुमी टोप्या मात्र एका रात्रीत नाहीशा झाल्या. त्या दिवसांत आसपासच्या गावांत मुसलमानांच्या घरांवर जे झालं ते मी ऐकलं आणि काही पाहिलं. त्यासाठी वेगळा कागद घ्यावा लागेल. आमच्या गावात मोठं काही झालं नाही, पण चाचांचं दार बंद झालं. मिरचीचा व्यापार बंद, हॉटेलात येणं बंद.

तरुण सुटून आला तो बाजाराचाच दिवस होता. मिरवणूक निघणार, वेशीपासून हॉटेलपर्यंत, आणि तो पुन्हा आपल्या जागेवर बसणार असं गावाने ठरवलं होतं. हारांची टोपली सकाळीच येऊन पडली. मामांनी ती पाहिली, हात पुसले आणि मला म्हणाले, मास्तर, जरा चला. आम्ही चाचांच्या घरी गेलो. दार बऱ्याच वेळाने उघडलं. चाचा उघड्या डोक्याने होते. इतक्या वर्षांत मी त्यांचं डोकं पहिल्यांदा पाहिलं. पार टक्कल होतं.

मामांनी त्यांना हॉटेलात या म्हटलं नाही. “तुमची टोपी द्या,” ते म्हणाले.

चाचांनी विचारलं, टोपी काय करायची?

“जागा धरून ठिवतो. आज गर्दी हाय.”

 चाचांनी आत जाऊन संदुकीतून रुमी टोपी काढून आणली. मामांनी ती पिशवीत घातली नाही. दोन्ही हातांत, दह्याचं भांडं न्यावं तशी धरून ते बाजारातून चालले. मी शेजारून चालत होतो. लोक बघत होते.   मामांनी ती टोपी चाचांच्या नेहमीच्या जागेवर, पांढऱ्या टोपीच्या बरोबर समोर ठेवली आणि ते भाकरी थापायला बसले.

मिरवणूक आली. तरुण फार वाळला होता. हारांच्या ओझ्याने मान वाकली होती. तो त्याच्या जागेवर बसला, टोपी उचलून पाहिली, झटकायला गेला. तिच्यावर धूळ नव्हती. त्याच्याबरोबर आत घुसलेल्या मंडळींना आता समोर बसायचं होतं. परगावचा एक कार्यकर्ता, नवी टोपी, नवा आवाज, पुढे झाला आणि रुमी टोपी पाहून थबकला. ही इथे कशाला, असं म्हणून त्याने हात घातला.

“हात काढ,” तरुण म्हणाला. “त्यांची जागा हाय.”

कार्यकर्त्याने समजावून सांगायचा प्रयत्न केला की आता दिवस बदललेत, लोकांच्या भावना आहेत. तरुणाने ऐकून घेतलं आणि तो पुन्हा म्हणाला, त्यांची जागा हाय. देशमुखांनी घसा खाकरला आणि कार्यकर्त्याला हळूच सांगितलं की इथे असंच असतं, तुम्ही बाहेर बसा. कार्यकर्ता बाहेर गेला. बाकीच्यांना भूक लागली होती. त्यांनी आपापल्या टोप्या काढल्या आणि मिळेल तिथे ठेवून हात धुवायला रांजणाकडे रांग लावली.

अर्ध्या तासाने चाचा आले. डोक्याला रुमाल गुंडाळलेला. गर्दीने वाट दिली. पुढे त्यांनी मला सांगितलं, टोपी एकटी तिथे बसलेली आणि मी घरात, हे बरं दिसेना. त्यांनी मागे जाऊन हात धुतले, रुमाल सोडला, बाकावरची टोपी डोक्यावर घातली आणि बसले. मामांनी दोघांची ताटं वाढली. दोघांनीही मान वर केली नाही. मी चाचांच्या शेजारी होतो. या दोघांना गप्प जेवताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

अर्धी भाकरी संपल्यावर चाचांनी विचारलं, “जेलात खायला काय देत होते?”

तरुणाने सांगितलं. ज्वारीची भाकरी, त्यात वाळू. डाळ म्हणजे पिवळं पाणी. कांदा मागितला तर दांडा. मिरची तर वर्षभर डोळ्यांनी दिसली नाही.

चाचांचा हात थांबला. “मिरची नाही?”

“नाही.”

चाचांनी आपल्या ताटातला ठेचा उचलून त्याच्या ताटात घातला. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “मग सरकार वाईटच होतं म्हणायचं.”

त्यांनी तरुणाचं एखादं म्हणणं मान्य केल्याचं मी ऐकलं ते एवढंच. पुढच्या बाजारी ते नव्या सरकारच्या मिरचीवरच्या जकातीवरून त्याच्याशी भांडत होते, आणि मामा चुलीपासून दोघांनाही दटावत होते.